आठवीचा पेपर आणि अठ्ठेचाळीस हजारांचा हिशेब

एक साधा हिशेब करा. महिन्याला १,००० रुपये, सलग चार वर्षं. एकूण किती? ४८,०००. हे पैसे तुमच्या घरात, गल्लीत किंवा गावात आठवीत शिकणाऱ्या एखाद्या पोराला, पोरीला मिळू शकतात. वशिला लागत नाही, मोठी फी लागत नाही, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. एका दिवशी दोन पेपर, तीन तास आणि १८० प्रश्न. बस्स.

या परीक्षेचं नाव एनएमएमएस. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. तुमच्यापैकी काहींनी ती दिली असेल. काहींना त्या वेळी असं काही असतं हे कुणी सांगितलंच नसेल. आता तुम्ही कॉलेजात आहात, मग आठवीच्या परीक्षेचं तुम्हाला काय? दोन कारणं आहेत. एक, मूर्तिजापूरसारख्या तालुक्यात या परीक्षेची माहिती आणि सराव पोचवणारं सगळ्यात जवळचं माणूस तुम्हीच आहात. दुसरं, हेच आठवीचं गणित तुमच्याही मानगुटीवर बसणार आहे. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेल्या मित्राला विचारा, तो सांगेल.

परीक्षा आहे तरी काय?

केंद्र सरकारनं ही योजना २००८ मध्ये आणली. आठवीनंतर पैशापायी होणारी गळती थांबावी, पोरगं निदान बारावीपर्यंत शाळेत टिकावं, हा हेतू. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या आणि त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये मिळायचे, २०१७ पासून १,००० मिळतात. नववी ते बारावी अशी चार वर्षं पैसे थेट खात्यात जमा होतात.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, बहुतेक वेळा डिसेंबरात. पहिला पेपर बौद्धिक क्षमता चाचणीचा, म्हणजे मॅट. ९० प्रश्न, ९० मिनिटं. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, म्हणजे सॅट. तिथंही ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. सॅटमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० प्रश्न. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा सात माध्यमांत पेपर निघतो.

गणित फक्त २० मार्कांचं दिसतं. पण तिथंच फसगत होते. मॅटमध्ये संख्यामालिका, घड्याळ, दिनदर्शिका, सांकेतिक भाषा, आकृत्यांमधले लपलेले आकार असे प्रश्न असतात. आकड्यांची भीती बसलेल्या पोराची गाडी तिथंही अडते. म्हणजे गणिताचा हात मोकळा असेल, तर त्याचा फायदा दोन्ही पेपरांत मिळतो.

आता अटी. पोरगं सरकारी, जिल्हा परिषद, नगरपरिषद किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं. सातवीत किमान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित खासगी शाळा, केंद्रीय विद्यालय आणि नवोदयची मुलं यात बसत नाहीत.

ही शाळेची अट जरा थांबून वाचा. आपल्याकडे थोडी ऐपत झाली, की पोराला जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला टाकायची घाई असते. त्या निर्णयाची फी सगळे मोजतात. त्याबरोबर ४८ हजारांचा एक दरवाजाही बंद होतो, हे मात्र कुणी मोजत नाही. निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा, पण हिशेब पूर्ण मांडून.

दुसरी परीक्षा, जिचा पत्ता बदलत राहिला

एनएमएमएसची थोरली बहीण म्हणजे आपली जुनी स्कॉलरशिप परीक्षा. १९५४-५५ पासून चालत आलेली. कित्येक वर्षं ती चौथीला आणि सातवीला होती. तुमच्या आई-वडलांना 'स्कॉलरशिपला बसला होता का' म्हटलं, की चौथी-सातवीच आठवेल. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये सरकारनं पुन्हा ठरवलं, की ती चौथी आणि सातवीलाच बरी. बदलाच्या पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, चारही इयत्तांना ही परीक्षा द्यायची सोय ठेवली गेली.

वर्ग बदलल्यानं काय मोठं होतं, असं वाटेल. होतं. खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत. परीक्षा चौथीत होती तेव्हा गावातले गुरुजी आपल्या पोरांची तयारी चार वर्षं करून घ्यायचे. निकालात शाळेचं नाव यायचं, गावात बोर्ड लागायचा. परीक्षा पाचवीत गेली आणि पोरगंही पाचवीत दुसऱ्या शाळेत गेलं. तिथं जून-जुलै ओळखपाळखीत जातो आणि फेब्रुवारीत पेपर येतो. तयारी करायची कुणी? जुन्या गुरुजींचा संबंध संपला, नव्यांचा अजून जुळायचा आहे. एका सरकारी निर्णयानं गुरुजींच्या हातातला धागा कसा सुटतो, त्याचं हे उदाहरण.

या परीक्षेत प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न आणि १५० मार्क. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता. गणिताचे एकट्याचे ५० प्रश्न, म्हणजे १०० मार्क. आठवीच्या पेपरात एक गंमत होती. २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही गोल रंगवले तरच मार्क मिळत. पहिलं बरोबर उत्तर दिसताच उडी मारणाऱ्याचं तिथं नुकसान ठरलेलं. पैशाचं म्हणाल, तर २०२३ मध्ये ही रक्कम वाढून पाचवीसाठी वर्षाला ५,००० आणि आठवीसाठी ७,५०० झाली. त्याआधी ती इतकी थोडी होती, की पालक ती काढायला बँकेत जायचाही कंटाळा करत.

४० टक्क्यांचा भ्रम

आता आकड्यांत थोडं खोल जाऊ. एनएमएमएसमध्ये पात्र व्हायला ४० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ३२. म्हणजे ९० पैकी ३६. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

समजा एका पोरीला ९० पैकी फक्त १८ प्रश्न पक्के येतात. उरलेले ७२ तिनं डोळे झाकून रंगवले. चार पर्यायांत एक बरोबर, म्हणजे सरासरीनं ७२ पैकी १८ नशिबानं बरोबर येतील. १८ आणि १८, झाले ३६. पोरगी पात्र! पाचातला एक प्रश्न येत असेल, तरी नशिबाच्या जोरावर माणूस ४० टक्क्यांच्या रेषेजवळ पोचू शकतो.

म्हणूनच 'आमच्या शाळेचे तीस विद्यार्थी पात्र' हा बोर्ड वाचताना सावध राहा. पात्र होणं वेगळं, निवड होणं वेगळं. निवड जिल्ह्याच्या आणि प्रवर्गाच्या कोट्यात गुणवत्तेनुसार होते. ११,६८२ जागा ३६ जिल्ह्यांत वाटल्या जातात, म्हणजे सरासरी जिल्ह्यामागे तीनशे-सव्वातीनशे. प्रत्यक्षात पटसंख्येनुसार कमी-जास्त. त्या यादीत यायचं, तर नशिबावर भागत नाही.

मग नुसतं पात्र होणं फुकट जातं का? सगळ्यांचं नाही. इथं एक गोष्ट आपल्या वऱ्हाडात घरोघरी माहीत असायला हवी. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा घरातलं जे पोरगं एनएमएमएसमध्ये पात्र ठरतं, पण निवडयादीत येत नाही, त्याच्यासाठी 'सारथी' संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ९,६०० रुपये, नववी ते बारावी. तिच्या अटी वेगळ्या वाचून अर्ज वेगळा करावा लागतो. निवडयादीत नाव नाही म्हणून निकालाचा कागद फाडून फेकणाऱ्या कास्तकाराला हे कुणी सांगायचं? शाळेनं सांगायला हवं. नाहीच सांगितलं, तर तुम्ही सांगा.

सराव कशाचा होतो?

अशा परीक्षांची तयारी म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर दिवाळीनंतर कुठल्याही आठवीच्या पोराचं दप्तर उघडा. जाडजूड गाइड, दहा सराव संच, कोपऱ्यात लिहिलेल्या 'ट्रिक'. पेपर सोडवला, मागची उत्तरं पाहिली, टिक मारली, ९० पैकी ४१. पुढचा पेपर. पुन्हा ४१. तिसरा, ४३. महिनाभर पोरगं राबतं आणि आकडा हलत नाही. मग घरचे म्हणतात, 'त्याचं गणित कच्चंच आहे.'

खरं म्हणजे त्यानं सराव केलाच नाही. त्यानं महिनाभर स्वतःला मोजलं. रोज काट्यावर उभं राहिल्यानं वजन कमी होत नाही, तसंच हे.

बहुपर्यायी पेपर कसा बनतो, ते समजलं की सरावाची दिशा बदलते. चुकीचे तीन पर्याय उगाच ठेवलेले नसतात. पोरं कुठं चुकतात हे ओळखून ते रचलेले असतात. एक उदाहरण घ्या.

एका वावरातला कापूस ६ मजूर १२ दिवसांत वेचतात. ४ मजुरांना किती दिवस लागतील? पर्याय ८, १०, १४, १८.

बरोबर उत्तर १८. एकूण काम ६ गुणिले १२, म्हणजे ७२ मजूर-दिवस, त्याला ४ नं भागलं की झालं. पण ८ निवडणारं पोरगं काय विचार करतंय? मजूर कमी तर दिवस कमी, असं त्यानं सरळ प्रमाण लावलं. १४ वाल्यानं दोन मजूर कमी म्हणून दोन दिवस वाढवले. त्याला दिशा कळली, प्रमाण नाही कळलं. १० वाल्याला दोन्ही कळलं नाही. चुकीची तीन उत्तरं, तीन वेगळे आजार. तिघांना एकच औषध, 'अजून दहा पेपर सोडव', देऊन कसं चालेल? आठवीच्या पुस्तकात 'चलन' नावाचा धडा आहे, समचलन आणि व्यस्त चलन त्यातच येतं. ८ वाल्याला तो धडा परत वाचायला लावा आणि विचारा, 'चार जणांत वेचणी लवकर आटोपंल का उशिरा?' वावरात वाढलेलं पोरगं एका क्षणात सांगेल. त्याला येत नव्हतं असं नाही. वावरातली अक्कल आणि वहीतलं गणित या दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नव्हती, एवढंच.

अजून एक. मूर्तिजापूरहून शकुंतला ताशी २० किलोमीटरनं ६० किलोमीटर गेली आणि रिकामी येताना ताशी ३० नं परत आली, असं समजू. सरासरी वेग किती? बहुतेक जण २५ म्हणतील. तुम्हीही मनात २५ म्हटलं असेल. उत्तर २४. जायला तीन तास, यायला दोन. १२० किलोमीटर भागिले ५ तास. २५ हा पर्याय यादीत असणारच, कारण पेपर काढणाऱ्याला आपली घाई पाठ असते.

ट्रिक वाईट नसतात. पण ट्रिक कळली तर टिकते, पाठ केली तर पेपरात दगा देते. दिनदर्शिकेचंच घ्या. १५ ऑगस्टपासून पुढच्या २६ जानेवारीपर्यंत नेहमी १६४ दिवस असतात. मध्ये फेब्रुवारी येत नाही, त्यामुळे लीप वर्षाचा प्रश्न नाही. १६४ ला ७ नं भागा, बाकी ३. म्हणजे स्वातंत्र्यदिन शनिवारी असेल, तर पुढचा प्रजासत्ताक दिन मंगळवारी. हे एकदा स्वतः मोजून काढलेलं पोरगं १ मे ते २ ऑक्टोबरचंही काढेल. नुसतं 'तीन मिळवायचे' पाठ केलेलं पोरगं तिथंही तीनच मिळवेल. तिथं दिवस १५४, बाकी शून्य!

अडतं कुठं?

खरी अडचण मॅटच्या कोड्यांत नाही, ती खूप खाली आहे. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशातल्या आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. निम्म्याहून जास्त मुलं भागाकारापाशी थांबलेली. आणि हा आकडा २०१८ मध्ये ४४.१ होता, म्हणजे सहा वर्षांत जेमतेम हलला. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणातही हेच चित्र आहे. गणितातली देशाची सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६, नववीत ३७. वर्ग वाढतो तशी सरासरी उतरते.

याचं कारण गणिताच्या स्वभावात आहे. इतिहासाचा एक धडा सुटला, तरी पुढचा वाचता येतो. गणितात तसं नाही. भागाकार सुटला की अपूर्णांक अडतो, अपूर्णांक अडला की शेकडेवारी, शेकडेवारी अडली की नफा-तोटा, सूट, व्याज सगळं. पोरगं वरच्या वर्गात जातं आणि खालची वीट तशीच निखळलेली राहते.

इथं सराव परीक्षांचा एक दोषही बोलून टाकू. बऱ्याच शाळांत आठवीच्या वर्गातली दहा-पंधरा हुशार मुलं निवडली जातात. त्यांचे जादा तास, त्यांना संच, त्यांच्यावर शिक्षकांचा जीव. बाकीची तीस-चाळीस मुलं त्या वेळात काय करतात? मैदानात. शाळेच्या बोर्डासाठी ते सोयीचं असेल. पण जी परीक्षा गळती थांबवण्यासाठी काढली, तिच्या तयारीतूनच गळू शकणारं पोरगं पहिल्या दिवशी बाहेर ठेवलं जातं. शिक्षकांना एकट्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यामागे ऑनलाइन माहिती भरण्यापासून निवडणुकीपर्यंतची कामं आहेत. पण जागा रिकामी आहे, हे खरं. आणि ती जागा भरायला बी.एस्सी., बी.कॉम.वालं कुणीही चालतं.

दापुऱ्याचं वावर आणि व्याजाचं गणित

गणित कशाला शिकायचं, याचं उत्तर आपल्या तालुक्याला बाहेरून आणायची गरज नाही. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे गाडगेबाबांच्या मामांचं गाव. बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले आणि डेबूजी आईसोबत मामांकडे दापुऱ्याला वाढले. गुरं राखली, वावर कसलं. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकारानं त्याचा फायदा घेतला आणि कर्जाच्या कागदात जमीन गिळली. ही गोष्ट बाबांच्या चरित्रांत येते. पुढं आयुष्यभर कीर्तनात बाबा लोकांना प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहिले, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत राहिले. कर्ज काढू नका, एक वेळ घरातलं ताट विका पण पोराला शिकवा, हे सांगत फिरले. तुमच्यापैकी अनेकांच्या कॉलेजला आणि आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

आता गावात आजही 'शेकडा तीन' म्हणतात, ते काय असतं पाहा. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के. १०,००० घेतले तर सरळव्याजानं वर्षाचे ३,६०० झाले. दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवलं, तर वर्षाला साधारण ४,२५८. नुसता 'तीन' हा आकडा किती गरीब दिसतो! चक्रवाढ व्याजाचा धडा आठवीच्या पुस्तकात आहे. तो ज्याला कळला, त्याला मोबाइलवरचं झटपट कर्ज देणारं ॲप, गाडीच्या शोरूममधला 'फक्त इतका हप्ता' आणि गावातला सावकार, तिघांचाही कागद वाचता येतो. शिष्यवृत्ती मिळो न मिळो, एवढं तरी घरात येतंच.

विशीत पुन्हा तेच

आणि आता तुमच्याबद्दल. पोलीस शिपाई भरतीचा लेखी पेपर १०० मार्कांचा, ९० मिनिटांचा. विषय अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. यातलं अंकगणित आणि बुद्धिमत्ता म्हणजे काय? काळ-काम-वेग, शेकडेवारी, लसावि-मसावि, संख्यामालिका, दिशा, नाती. म्हणजे आठवीचा मॅट आणि सॅटच. तलाठी भरती घ्या, बँकेची परीक्षा घ्या, बेस तोच. तेराव्या वर्षी जे एका मिनिटात सोडवायचं होतं, ते बावीसाव्या वर्षी अकोल्या-अमरावतीत रूम करून, क्लासची फी भरून शिकायचं. याला महागडं गणित म्हणतात.

म्हणूनच आठवीतल्या पोराला शिकवणं ही समाजसेवा आहे, असं म्हणायची गरज नाही. त्यात तुमचाही स्वार्थ आहे. '२, ६, १२, २०, ३०, पुढं काय?' हे तुम्हाला ४२ येत असेल. पण ते का येतं, हे तेरा वर्षांच्या पोरीला सांगायला गेलात की कळेल, तुम्हाला किती कळलंय. एक गुणिले दोन, दोन गुणिले तीन, तीन गुणिले चार असं तुम्ही सांगाल. ती म्हणेल, 'दादा, मी तर फरक पाहिला. चार, सहा, आठ, दहा, मग बारा.' दोन्ही बरोबर. आणि तुमच्याकडे एकाच्या जागी दोन वाटा झाल्या.

मग करायचं काय?

मोठा क्लास काढायचा नाही. रविवारी दीड तास, चार-पाच पोरं, समाजमंदिर किंवा कुणाची ओसरी. एवढं पुरे.

पहिल्या दिवशी पेपर देऊ नका. दहा भागाकार आणि दहा अपूर्णांक द्या. कोण कुठं अडतं, ते पाहा. जो जिथं अडला, तिथून सुरुवात. आठवीतल्या पोराला चौथीचा भागाकार शिकवताना त्याची लाज जाणार नाही, एवढं मात्र जपा.

पाढे वीसपर्यंत पक्के करून घ्या. घरात आजोबा असतील, तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी विचारा. कापसाच्या गाडीमागं उभं राहून तोंडी हिशेब करणारी ती पिढी होती. २५ टक्के म्हणजे पाव, ५० म्हणजे निम्मे, १५० म्हणजे दीडपट, हे ज्याच्या कानात बसलं त्याची शेकडेवारी अर्धी झाली.

मग आठवड्याला फक्त २० प्रश्न. सोडवायला २० मिनिटं आणि चुका तपासायला पाऊण तास. प्रत्येक चुकीपुढं तीनपैकी एक अक्षर लिहायला लावा. 'क', म्हणजे कळलंच नाही. 'ह', म्हणजे हिशेब चुकला. 'व', म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. महिन्याभरात प्रत्येकाच्या वहीत त्याचा आजार उघडा पडतो. ज्याच्याकडे 'व' जास्त, त्याला गणित नको, प्रश्न दोनदा वाचायची सवय हवी. 'सर्वांत लहान', 'नसलेला', 'दोन्ही' अशा शब्दांखाली रेघ मारायला शिकवा. सेमी-इंग्लिशवाल्या पोरांना 'एलसीएम' म्हणजेच लसावि, 'रेशो' म्हणजेच गुणोत्तर, ही जोडी लिहून द्या. उत्तर येत असून शब्दापायी प्रश्न सुटणं यासारखं दुसरं दुःख नाही.

पूर्ण पेपर शेवटच्या महिन्यात, तेही चार पुरेत. घड्याळ लावून, गोल रंगवून. एका प्रश्नाला एक मिनिट. न आलेला सोडून पुढं जायचं. आणि शेवटची पाच मिनिटं राखून एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, कारण मार्क कापत नाहीत.

कागदपत्रांकडे आधीच बघा. अर्ज शाळेतून, मुख्याध्यापकांच्या लॉगिनवरून जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागतो आणि ऐन वेळी तिथं रांग असते. आधारवरचं नाव, शाळेतलं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे ना, ते पाहा. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंद करावी लागते आणि दरवर्षी नूतनीकरणही. दहावीत ६० टक्के पडले, तरच अकरावीत पैसे चालू राहतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. परीक्षा जिंकून पोर्टलवर हरलेलं पोरगं पाहवत नाही. मोबाइलवर तासन् तास रील पाहणारे आपण, त्यातली दहा मिनिटं वर्षातून एकदा त्या नूतनीकरणाला देऊ शकतोच की.

एक प्रश्न तरीही उरतो. वर्षाला ११,६८२ जणांना मिळतं, बाकीच्यांचं काय? परीक्षेतून सगळ्यांना न्याय मिळत नाही, हे कबूल. १,००० रुपये महिन्यात आज काय येतं, हाही प्रश्न आहेच. २०१७ नंतर तेल, एसटीचं तिकीट, वह्या सगळं वाढलं, ही रक्कम तिथंच आहे. हे दोन्ही प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायलाच हवेत आणि ते विचारायला तुमच्याइतकं मोकळं वय दुसरं नाही. पण रक्कम वाढेपर्यंत आणि जागा वाढेपर्यंत आठवीतलं पोरगं आठवीत थांबत नाही. या वर्षीचा फॉर्म या वर्षीच भरायचा असतो.

तेव्हा आजच घरी, शेजारी विचारा, 'आठवीत कोण आहे रे?' हात वर झाला, की त्याला आधी एक भागाकार घाला. ९५२ भागिले ७. बघा, काय करून राहिला.